स्टेटस, माफीचा व्हिडिओ आणि कलम २९९

परभणी जिल्ह्यातल्या एका गावातून थोरल्या भावाने प्रश्न पाठवलाय. धाकटा २२ वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी करतो. गावच्या मिरवणुकीत मध्यरात्रीपर्यंत डीजे वाजला. घरात आजोबांना महिन्यापूर्वीच झटका येऊन गेलेला. पोराने चिडून स्टेटसला चार ओळी टाकल्या. देवा, तुझे कान गेले का, एवढा दणदणाट तुला कशाला लागतो, असा त्यांचा मतलब. सकाळपर्यंत स्क्रीनशॉट तीन गावांत फिरले, दुपारी शंभरेक माणसं दारात. पोराला पारावर नेलं, हात जोडून माफी मागायला लावली, व्हिडिओ काढला. एवढं करूनही संध्याकाळी ठाण्यात जाऊन गुन्हा नोंदवलाच, भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ आणि १९६ खाली. आता घरात दोन पक्ष पडलेत. मामा म्हणतात, पाया पडून मिटवा. पुण्याला शिकणारा चुलतभाऊ म्हणतो, अभिव्यक्ती स्वातंत्र्य आहे, सुप्रीम कोर्टापर्यंत लढू. थोरल्याने तीन गोष्टी विचारल्यात: देवाबद्दल असं बोलणं गुन्हा आहे का, माफी मागितली ते चुकलं का, आणि भरतीचं काय होणार. शिवाय शेवटी, जमावावर उलट गुन्हा दाखल करायचा का, हेही.

दादा, मी २८ वर्षं मराठवाड्यात वकिली करतो. आधी तालुका कोर्टात होतो, आता बराचसा वेळ हायकोर्टाच्या खंडपीठात जातो. गळ्यात माळ आहे, आषाढीला जमेल तसं चालतो. हे सांगतोय कारण अशा प्रकरणात वकील बोलायला लागला की पहिला प्रश्न येतो, तुम्ही कुठल्या बाजूचे? ‘भावना दुखावल्या’च्या केसेस मी दोन्ही बाजूंनी चालवल्यात. ज्युनियर असताना एका स्नेहसंमेलनातल्या नाटुकल्यावरची फिर्याद मीच लिहून दिली होती, आणि त्या वेळी मला ती फार भारी जमली असं वाटलं होतं.

चुलतभावाला सांगा, सुप्रीम कोर्टाने त्याचं काम बरंचसं आधीच करून ठेवलंय. उरलेली लढाई तालुक्याच्या ठाण्यात आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात आहे, आणि ती कागदावर लढायची असते.

आधी पहिला प्रश्न. देवाची निंदा या नावाचा गुन्हा आपल्या कायद्यात नाही. कलम २९९ म्हणजे जुन्या भारतीय दंड विधानातलं २९५अ. १ जुलै २०२४ पासून नंबर बदलला, गाभा तोच राहिला. त्यात गुन्हा कशाचा, तर एखाद्या वर्गाच्या धर्माचा किंवा धर्मश्रद्धांचा अपमान करून त्या वर्गाच्या धार्मिक भावना भडकवण्याचा, आणि तोही जाणूनबुजून व दुष्ट हेतूने केलेला. जाणूनबुजून हा एक शब्द, दुष्ट हेतू हा दुसरा. फिर्यादी पक्षाला दोन्ही सिद्ध करावे लागतात. ‘माझं मन दुखावलं’ एवढ्यावर कलम लागत नाही, कारण कायदा दुखावलेल्याच्या मनात शिरत नाही, बोलणाऱ्याच्या मनात शिरतो.

हे दोन शब्द तिथे आले कसे, तीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९२४ साली लाहोरला पैगंबरांच्या खासगी आयुष्याची टवाळी करणारी एक पुस्तिका छापली गेली. प्रकाशक राजपाल यांच्यावर तेव्हाच्या १५३अ खाली खटला झाला. खालच्या कोर्टात शिक्षा झाली, पण १९२७ मध्ये लाहोर हायकोर्टाचे न्यायमूर्ती दलीप सिंग यांनी त्यांना सोडलं. कारण एवढंच, की १५३अ समाजा-समाजांत वैर पेटवण्याबद्दल आहे, दिवंगत धर्मपुरुषावरच्या टीकेबद्दल नाही. पंजाबात आगडोंब उसळला आणि त्याच वर्षी इंग्रज सरकारने घाईघाईने २९५अ आणलं. मध्यवर्ती कायदेमंडळात त्यावर चर्चा झाली तेव्हा मोहम्मद अली जीना यांनी बजावलं होतं, की इतिहासाचं संशोधन करणारे आणि प्रामाणिक टीका करणारे लोक यात अडकता कामा नयेत. त्या काळजीची खूण म्हणजे ‘जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने’ ही शब्दांची जोडी. राजपाल यांचा १९२९ मध्ये खून झाला तो झालाच. कायदा आला म्हणून सुरा थांबला नाही. पुढे त्याच मुळावर पाकिस्तानने १९८० च्या दशकात २९५ब आणि २९५क अशी कलमं चढवली, त्यातल्या शेवटच्याला देहान्त शासन आहे. आपल्याकडे ते झालं नाही. आपण १९६१ मध्ये दोन वर्षांची शिक्षा तीनवर नेली आणि तिथे थांबलो.

(मराठवाड्यापुरतं एक अवांतर. हे कलम आलं तेव्हा आपण निजामाच्या राज्यात होतो, तिथला दंडाचा कायदा वेगळा. आपल्याला भारतीय दंड विधान लागू झालं १९५१ मध्ये. निजामाच्या काळात साधी सभा घ्यायलाही गश्ती निशाण ५३ खाली परवानगी काढावी लागे. बोलण्यासाठी सरकारचा कागद लागतो हे आपल्या आज्या-पणज्यांनी फार भोगलंय. त्यांची नातवंडं आज दुसऱ्याचं बोलणं बंद करायला ठाण्यात रांग लावतात, याचं मला अजून नवल वाटतं.)

सुप्रीम कोर्टाने हे कलम १९५७ मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात वैध ठरवलं. त्यामुळे ‘हे कलमच घटनाबाह्य आहे’ असा युक्तिवाद तालुक्याच्या वकिलाकडून करवून घेऊ नका, वेळ जाईल. त्याच निकालात आपल्या कामाचं वाक्य आहे. प्रत्येक अपमान या कलमात येत नाही. नकळत, निष्काळजीपणे किंवा तसा हेतू नसताना झालेला अपमान बाहेर राहतो, तीव्र स्वरूपाचा मुद्दाम केलेला अपमान तेवढा आत येतो. २०१७ मध्ये महेंद्रसिंग धोनीवरची केस याच वाक्यावर गेली. एका मासिकाच्या मुखपृष्ठावर त्याला विष्णूच्या रूपात, हातात निरनिराळ्या कंपन्यांच्या वस्तू घेतलेला दाखवलं होतं, त्यात बूटही होता. कोर्ट म्हणालं, यात दुष्ट हेतू कुठे आहे? केस रद्द.

आता तुमच्या भावाच्या ओळी. देव बहिरा झाला का, हा प्रश्न त्याने शोधलेला नाही. मशिदीवर चढून बांग देणाऱ्याला कबीराने हेच विचारलंय आणि ते दोहे आपल्याकडे कीर्तनातही येतात. आणि कबीरापर्यंत कशाला जायचं, आपलं पैठण आहे की. एकनाथांचा हिंदू-तुर्क संवाद कधी वाचलाय? दोघं एकमेकांच्या देवाची, आचाराची, शास्त्राची अशी सालटी काढतात की आजच्या ठाणे अंमलदाराने त्यावर दोन्हीकडून दोन गुन्हे नोंदवून घेतले असते. शेवटी दोघं गळ्यात पडतात. हे लिहिणाऱ्या माणसाचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीवर मुसलमान सुलतानाचे किल्लेदार होते. मी कोर्टात हे सांगतो ते सजावट म्हणून नाही. हेतू सिद्ध करताना बोलणं कोणत्या परंपरेतून आलंय हे दाखवता येतं. देवाशी भांडणं, त्याला जाब विचारणं, काळ्या म्हणणं, ही आपल्या भक्तीची रोजची भाषा आहे. जनाबाई तर विठ्ठलाला शिव्या घालते, आणि ती गंगाखेडची, तुमच्याच जिल्ह्यातली.

दुसरी गोष्ट, वाचायचं कुणाच्या नजरेने? याचं उत्तर नागपूरहून आलंय. १९४६ मध्ये नागपूर हायकोर्टात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी लिहून ठेवलं, की शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर, धीट माणसाच्या मापाने जोखायचा. कच्च्या आणि डळमळीत मनाच्या, प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या माणसाच्या मापाने नाही. सुप्रीम कोर्ट आजही तेच माप वापरतं. ७ मार्च २०२४ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकाच्या व्हॉट्सअॅप स्टेटसवरची १५३अ ची केस रद्द करताना वापरलं. २८ मार्च २०२५ ला खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावर जामनगरला कवितेवरून झालेला गुन्हा रद्द करतानाही वापरलं. त्या निकालात न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांचं म्हणणं असं, की प्रजासत्ताकाला ७५ वर्षं झाली, एका कवितेने किंवा विनोदी कार्यक्रमाने समाजात वैर माजेल इतके आपण लेचेपेचे असू नये. स्टेटस आणि कविता. तुमची केस या दोघांच्या मधोमध बसते.

कलम १९६ बद्दल फार लिहीत नाही. दोन समाजांत वैर पेटवण्याचं ते कलम आहे, म्हणजे जुनं १५३अ. भावाच्या ओळींत दुसरा समाज कुठे आहे? बिलाल अहमद कालू खटल्यात १९९७ मध्येच ठरलंय, की किमान दोन गट लागतात. डीजेवाले आणि झोप न लागलेले हे दोन गट कायद्याला चालत नाहीत. बहुतेक ठिकाणी १९६ हे २९९ च्या शेजारी सवयीने लिहिलं जातं, लग्नाच्या पत्रिकेत खाली सगळ्या भाऊबंदांची नावं येतात तसं.

आता कागदाकडे येतो. ही केस खरी तिथेच सुटते.

२९९ दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, त्यामुळे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. पण शिक्षा तीन वर्षांपर्यंतची. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत अटक का गरजेची आहे ती कारणं नोंदवावी लागतात, नाहीतर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, पुढचे ४८२, १७३, ५२८, २१७ हे नंबरही त्यातलेच) कलम ३५(३) ची नोटीस देऊन बोलवायचं असतं. जुना नंबर ४१अ, २०१४ चा अर्णेश कुमार निकाल सगळ्या पीआय साहेबांना तोंडपाठ असतो. नोटीस आली असेल तर दिलेल्या तारखेला हजर राहा, वकील सोबत न्या, हजेरीची पोच घ्या. गेलं नाही तर अटकेचं कारण आपणच हातात देतो. नोटीस न देता उचलायची भाषा चालली असेल तर सत्र न्यायालयात कलम ४८२ खाली अटकपूर्व जामीन मागा. ठाण्यावर जमाव बसलाय म्हणून अटक, हे कारण होत नाही. पण जमावासमोर एकट्या पडलेल्या अधिकाऱ्यालाही थोडं समजून घ्या. दहापैकी सहा वेळा तो पोराला ठाण्यात बसवून ठेवतो ते पोराचा जीव वाचावा म्हणून. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी झाली का, हे वकिलाला जरूर पाहायला सांगा. कलम १७३(३) प्रमाणे तीन ते सात वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यात डीवायएसपींच्या परवानगीने १४ दिवसांत ती करता येते. बोलण्या-लिहिण्यावरच्या गुन्ह्यात ती करणंच योग्य, असं प्रतापगढी निकालात सांगितलंय. दुपारी जमाव आणि संध्याकाळी एफआयआर, म्हणजे चौकशी झालेली नाही. खंडपीठात ५२८ खाली एफआयआर रद्द करायला गेलात तर हा मुद्दा वरच्या पानावर घ्या.

सगळ्यात मोठं कुलूप मात्र कलम २१७ मध्ये आहे. २९९ आणि १९६ या दोन्ही गुन्ह्यांत राज्य किंवा केंद्र सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय कोर्टाला दखलच घेता येत नाही. एफआयआर होतो, तपास होतो, अटकही होऊ शकते, पण दोषारोपपत्रासोबत मंजुरीचा कागद नसेल तर खटला पुढे सरकायला नको. सरकतो, ही गोष्ट वेगळी. माझ्याकडे एक शिक्षक होते. शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांनी केलेल्या बुवाबाजीवरच्या नाटिकेबद्दल त्यांच्यावर २९५अ. सहा वर्षं तारखा. आधीच्या वकिलाने दर तारखेला ‘हेतू नव्हता’ एवढंच म्हटलेलं. मी नक्कल काढून पाहिली तर मंजुरीच नाही. अर्ज दिला, सरकारी वकिलाचा ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं, आलं, त्यात त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं की प्रस्ताव पाठवला होता, उत्तर आलं नाही. दहा मिनिटांत मुक्तता. सर कोर्टाबाहेर आले आणि म्हणाले, “वकीलसाहेब, हे पहिल्याच वर्षी पाहिलं असतं तर माझं मुख्याध्यापकपद गेलं नसतं.” त्यांना काय उत्तर देणार? म्हणून पोलिसांनी कागद दाखल केले की पहिल्या तारखेला पहिला प्रश्न विचारायचा: मंजुरी आहे का, कुणाच्या सहीची, आणि सही करणाऱ्यासमोर भावाच्या मूळ चारही ओळी ठेवल्या होत्या की कुणीतरी काढलेला सारांश?

सोबत मुदतही मोजा. तीन वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याला दखल घेण्याची मुदत तीन वर्षं, मंजुरी मिळवण्यात गेलेला काळ वगळून.

मोबाइलचं. स्टेटस २४ तासांनी आपोआप जातो, त्याचं काही नाही. पण घाबरून फोन रिसेट करू नका, सिम मोडून विहिरीत टाकू नका. पुरावा नष्ट केल्याचं नवं कलम कशाला ओढवून घ्यायचं? फोन जप्त झाला असेल तर पंचनाम्याची प्रत मागा. फिर्यादीने दिलेला स्क्रीनशॉट हा कोर्टात एकटा उभा राहत नाही, त्याला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं. स्क्रीनशॉट कुणाच्या फोनवरून आला, त्याच्याआधी-नंतरचे स्टेटस काय होते, तेही शोधा. त्या रात्री आजोबांच्या तब्येतीबद्दल किंवा ११२ ला फोन केल्याबद्दल काही टाकलं असेल तर हेतूचा याहून चांगला पुरावा नाही. देवावर राग होता की आवाजावर, हे त्यातून दिसतं. आजोबांची दवाखान्याची फाइल काढून ठेवा.

गावच्या ग्रुपवर दुसऱ्या कुणी ते पुढे पाठवलं आणि अॅडमिनलाही आरोपी केलं असेल, तर नागपूर खंडपीठाचा २०२१ चा किशोर तरोने निकाल आहे: नुसता अॅडमिन आहे म्हणून दुसऱ्याच्या मजकुराची फौजदारी जबाबदारी त्याच्यावर येत नाही.

आता माफी. यावर मी सविस्तर लिहितो, कारण यात सगळेच गोंधळतात.

पारावरच्या अशा व्हिडिओंत पोराला काय म्हणायला लावतात ते कधी ऐकलंय? “मी जाणूनबुजून देवाचा अपमान केला, माझी चूक झाली, पुन्हा करणार नाही.” मी असे पुष्कळ व्हिडिओ पाहिलेत. त्यात ‘जाणूनबुजून’ हा शब्द हटकून असतो. जमावाला कलम माहीत नसतं, पण माणसाचा पुरता नक्षा उतरवायचा तर हाच शब्द वदवून घ्यावा लागतो हे त्याला बरोबर कळतं. आणि नेमका तोच शब्द फिर्यादी पक्षाला सिद्ध करायचा असतो. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, पण गर्दीसमोरचा व्हिडिओ हा न्यायालयाबाहेरचा कबुलीजबाब म्हणून पुढे करता येतो. किमान, स्टेटस त्यानेच टाकला हे तरी त्यातून निघतं.

म्हणून तो व्हिडिओ मिळवा, आणि अख्खा मिळवा. फिरतोय तो तीस सेकंदांचा तुकडा असेल. मूळ चित्रण लांब असतं. त्यात कुणीतरी मागून सांगतोय “म्हण, मुद्दाम केलं म्हण”, कुणी कॉलर धरलीये, आई रडतेय. हे सगळं दिसलं तर तो कबुलीजबाब उरत नाही, सक्तीचा पुरावा होतो. पोलीस पाटील तिथे हजर होते का, तेही लिहून ठेवा. कोर्टात त्याला महत्त्व येऊ शकतं. त्या दिवशी पारावर कोण कोण होतं, किती वाजता, कोणी काय म्हटलं, हे भावाला आजच्या आज वहीत लिहायला सांगा. महिन्याने त्याला आठवणार नाही, किंवा गावात राहायचं म्हणून आठवायचं नसेल.

मग माफी मागूच नये का? मागावी की. पण आपली, आपल्या शब्दांत, आपल्या वेळी. याचा सगळ्यात चांगला दाखला आपल्या लातूरचा आहे. १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या बुलेटिनमध्ये गांधींवरची एक जुनी कविता पुन्हा छापली गेली. गांधींच्या तोंडी घातलेल्या शब्दांवरून तक्रार झाली, १५३अ, १५३ब आणि अश्लीलतेचं २९२ लागलं. लातूरच्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी २००१ मध्ये १५३ च्या दोन्ही कलमांतून सगळ्यांना मोकळं केलं, २९२ ठेवलं. ते प्रकरण सत्र न्यायालय, खंडपीठ करत १४ मे २०१५ ला सुप्रीम कोर्टात निकाली निघालं, देविदास तुळजापूरकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य. थोर पुरुषाच्या नावाआडून कवीला किती मोकळीक, यावर कोर्टाने लांबलचक लिहिलं आणि कवीवरचा खटला चालू ठेवला. त्या भागाशी मी आजही सहमत नाही. गांधी आपली बाजू घ्यायला कोर्टाला बोलावतील असं मला वाटत नाही. पण संपादक आणि मुद्रक सुटले. का? वाचकांची नाराजी कळताच संपादकांनी पुढच्याच अंकात बिनशर्त माफी छापली होती, खटला सुरू होण्याच्याही आधी. वीसेक वर्षांनी त्या काही ओळी कामी आल्या.

ती माफी आणि पारावरची माफी यांतला फरक भावाला समजावून सांगा. एकीत ‘तुमचं मन दुखावलं असेल तर मला वाईट वाटतं, माझा रोख आवाजावर होता, देवावर नव्हता’ असं म्हणता येतं. त्यात दिलगिरी आहे, आणि हेतू नव्हता हेही सांगून होतं. दुसरीत गुन्ह्याची व्याख्या पाठ म्हणून घेतात. पहिली हवी तर वकिलाला दाखवून, तारीख घालून, दोन ओळींत लिहा आणि ठाण्यात तपास अधिकाऱ्याला देऊन पोच घ्या. मामांचं त्यात समाधान होईल. चुलतभावाला ती शरणागती वाटेल. वाटू द्या, खटला त्याच्यावर नाही.

एक मात्र सांगतो, मत बदलल्याचं खोटं लिहू नका. डीजेबद्दलचं त्याचं म्हणणं चूक नाही. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, मोजक्या दिवशी सरकार बारापर्यंत सूट देतं. त्या रात्री सूट होती का, ते तहसीलमध्ये विचारा. नसेल, तर त्याचा राग कायद्याच्या बाजूचा होता.

जमावावर उलट गुन्हा दाखल करायचा का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. हक्क आहे. घरात घुसणं, अडवून ठेवणं, धमकी, सगळ्याला कलमं आहेत. पण मी आज नाही म्हणेन. पोलीस अधीक्षकांना घडलेल्या प्रकाराचा सविस्तर अर्ज द्या, संरक्षण मागा, नावं लिहा, आणि तेवढ्यावर थांबा. कारण रोख गावाकडे वळला की चॅप्टर केसेस, म्हणजे शांतता राखण्यासाठीच्या प्रतिबंधक कारवाया, दोन्ही बाजूंवर होतात, तहसीलदारांपुढे मुचलके लिहून देत सगळं गाव बसतं, आणि भरतीच्या पोराच्या नावावर आणखी एक नोंद चढते. पुढे गरज पडली तर तो अर्ज फाइलमध्ये असतोच.

भरतीचं उत्तर छोटं आहे. गुन्हा दाखल आहे म्हणून नोकरी आपोआप जात नाही, पण लपवलं तर जाऊ शकते. सुप्रीम कोर्टाने अवतार सिंग निकालात २०१६ मध्ये हे नीट मांडलंय. चारित्र्य पडताळणीच्या अर्जात विचारलं तर गुन्हा क्रमांक, कलम, सद्यस्थिती, सगळं खरं लिहायचं. पोलिसांनी तपासाअंती बी किंवा सी समरी (तक्रार खोटी किंवा गैरसमजातून झाली असा अहवाल) पाठवली, किंवा खंडपीठाने एफआयआर रद्द केला, की त्याची प्रत सोबत जोडायची. भरतीची तारीख जवळ असेल तर थेट ५२८ चा अर्ज करणं मला पटतं, नसेल तर आधी मंजुरीच्या कागदाची वाट पाहणं स्वस्तात पडतं.

प्रत्येक आरोपीची केस मी याच उत्साहाने घेतो असं समजू नका. दुसऱ्या धर्माच्या वस्तीसमोर मिरवणूक थांबवून, माईकवर त्यांच्या आयाबहिणींबद्दल बोलणारा कार्यकर्ता ‘अभिव्यक्ती’ म्हणत माझ्याकडे आला होता. जामीन करून दिला, पुढची केस दुसऱ्याला दिली. तिथे हेतू वाचायला वकील लागत नाही, वेळ आणि जागाच सांगते. गंमत म्हणजे अशा केसेस लवकर मिटतात, आणि चार ओळी लिहिणारी पोरं वर्षानुवर्षं तारखा करतात.

केस न करताही असले वाद मिटतात, हे आपण विसरलोय. १९८७ मध्ये राज्य सरकारने बाबासाहेबांच्या लेखनाच्या खंडात ‘रिडल्स इन हिंदुइझम’ छापलं, तेव्हा राम-कृष्णावरच्या परिशिष्टावरून केवढा गदारोळ झाला. ते काढा म्हणून मोर्चे, ठेवा म्हणून त्याहून मोठे मोर्चे. आमच्याकडे नामांतराचा वणवा आधीच पेटलेला. शेवटी तोडगा काय निघाला? परिशिष्ट राहिलं, आणि या मताशी शासन सहमत असेलच असं नाही, अशा अर्थाची एक टीप आली. एका टिपेवर महाराष्ट्र शांत झाला. तुमच्या गावातही एखादा जाणता माणूस असेल, कुणी निवृत्त गुरुजी, कुणी महाराज. फिर्यादीला त्यांच्यामार्फत एकदा भेटा. २९९ तडजोडीने मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांत नाही, पण फिर्यादीचं ‘गैरसमज दूर झाला’ असं शपथपत्र खंडपीठात एफआयआर रद्द करताना वजनदार ठरतं.

वकिलाकडे जाताना एफआयआरची नक्कल, नोटीस आली असेल तर ती, आजोबांची फाइल, व्हिडिओ ज्याच्या फोनमध्ये अख्खा आहे त्याचं नाव, आणि भावाच्या हातची ती वही न्या. स्टेटसच्या चार ओळीही त्याला कोऱ्या कागदावर जशाच्या तशा लिहून आणायला सांगा, एक शब्द इकडचा तिकडे न करता. गावात त्या ओळी आता दहा तऱ्हांनी सांगितल्या जात असतील, आणि एफआयआरमध्ये कुठल्या आल्यात ते ताडून पाहावं लागेल.